आपले ते साहस, दुसऱ्याचा तो आगाऊपणा

सागरी कयाक ही साधारण ५ मीटर लांब आणि जेमतेम ५५ सेंटिमीटर रुंद होडी. तिच्या मधल्या भोकात एक माणूस बसतो, कमरेभोवतीची झालर भोकाच्या कडेला ताणून बसवतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे मारत, भराभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, समुद्रात निघतो. त्याची बैठक पाण्याच्या पातळीलगत असते. एवढ्या जवळून समुद्र पाहणाऱ्याला सुरक्षिततेविषयी काहीतरी मत असणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ते प्रत्येकाला असते आणि प्रत्येकाचे निराळे असते. या सगळ्या मतांत समान धागा एकच: आपण जेवढी काळजी घेतो तेवढी बरोबर. त्याहून कमी घेणारा आगाऊ आणि त्याहून जास्त घेणारा घाबरट. हा छंद चांगला रुजलेल्या ब्रिटनच्या किनाऱ्यावर या मतांचे सगळे नमुने एकाच वाहनतळावर पाहायला मिळतात.

मतांकडे वळण्यापूर्वी धोका मुळात कसला, हे पाहिलेले बरे. नवख्याला वाटते, धोका बुडण्याचा. जाणकार सांगतो, धोका गारठण्याचा. दोघेही बरोबर असतात, फक्त क्रमाबद्दल वाद असतो. ब्रिटनभोवतीचे पाणी हिवाळ्याच्या अखेरीस बऱ्याच ठिकाणी ६ ते ९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. अतिथंड पाण्यात अचानक पडलेल्या माणसाचे काय होते, याचा हिशेब कॅनडातील शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी ‘१-१०-१’ या सूत्रात बांधला आहे. पहिले १ मिनिट लागलेली धाप आवरण्याचे, पुढची १० मिनिटे हातपाय ऐकतात तेवढी, आणि साधारण १ तासानंतर शुद्ध हरपते. सूत्र पाठ करायला सोपे असल्यामुळे कयाकवाल्यांत ते लोकप्रिय आहे. मात्र बहुतेकांच्या लक्षात शेवटचा तास राहतो, कारण त्यात दिलासा आहे. लाइफ जॅकेट नसलेल्याचा निकाल अनेकदा पहिल्या मिनिटातच लागतो, ही बाब सूत्राच्या सुरुवातीलाच असूनही निसटते.

त्यात समुद्राचा स्वभाव सावकाश तापण्याचा. मे महिन्यात किनाऱ्यावर २० अंशांचे ऊन पडते, लोक आइस्क्रीम खात वाळूत लोळतात, आणि पाणी अजून दहा-अकरा अंशांवर रेंगाळत असते. म्हणून शिकवणीचा पहिला धडा असा, की कपडे हवेसाठी घालू नयेत, पाण्यासाठी घालावेत. हा धडा पाळणारा माणूस मानेपासून घोट्यापर्यंत बंद ड्रायसूटमध्ये, घामाने निथळत, उघड्या अंगाच्या गर्दीतून होडी ओढत नेतो. त्याच्यापुढे दोन धोके असतात. पाण्यात पडलो तर गारठू, हा एक. आणि किनाऱ्यावर लोक हसतील, हा दुसरा. पहिला संभाव्य आणि दुसरा निश्चित असल्यामुळे अनेक जण टी-शर्टमध्ये निघतात.

सुरक्षिततेविषयीच्या मतांचे ढोबळमानाने चार पंथ पडतात. पहिला पंथ साहित्यवाद्यांचा. या पंथाच्या अनुयायाकडे ड्रायसूट, लाइफ जॅकेट, व्हीएचएफ रेडिओ, धूर आणि ठिणग्या सोडणारे फ्लेअर, उपग्रहाला हाक मारणारा बीकन, शिट्टी, चाकू, होकायंत्र, सुटे वल्हे, पाणी उपसायचा पंप, दुसऱ्याला ओढायची दोरी, प्रथमोपचाराची पेटी आणि थर्मास असतो. हे सगळे अंगावर आणि होडीवर चढेपर्यंत ओहोटी लागलेली असते, आणि त्यामुळे त्या दिवसापुरती तरी त्याची सुरक्षितता परिपूर्ण होते. इतरांच्या होडीकडे तो पंचनाम्याच्या नजरेने पाहतो. ‘सुटं वल्हं नाही वाटतं?’ एवढा एकच प्रश्न विचारून समोरच्याला तो समुद्रात जाण्याआधीच बुडवतो. त्याच्या स्वतःच्या फ्लेअरची मुदत मात्र कधीच संपलेली असते, आणि रेडिओ पाठीमागच्या जलबंद कप्प्यात जपून ठेवलेला असतो. त्या कप्प्यापर्यंत बसल्या जागेवरून हात पोहोचत नाही. म्हणजे मदत मागण्यासाठी आधी किनाऱ्याला लागणे आवश्यक ठरते.

साहित्याविषयी अर्थशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांनी एक खोडसाळ शंका काढलेली आहे. १९७५ मध्ये सॅम पेल्ट्झमन यांनी अमेरिकेतील मोटारींबाबत असे मांडले, की सुरक्षिततेची साधने सक्तीची केल्यावर चालक जास्त बेफिकीर होतात आणि फायद्यातला बराचसा भाग खाऊन टाकतात. पुढे १९८२ मध्ये गेराल्ड वाइल्ड यांनी सिद्धांत मांडला, की प्रत्येकाच्या मनात धोक्याची एक ठरलेली पातळी असते. एका बाजूने धोका कमी केला की माणूस दुसऱ्या बाजूने तो भरून काढतो. सिद्धांतावर भरपूर वाद झाले, पण कयाकवाल्यांकडे पाहिले तर वाइल्ड यांनी हा छंद जवळून पाहिला असावा असा संशय येतो. हेल्मेट मिळताच माणूस खडकांच्या एक हात जवळून जाऊ लागतो. बीकन मिळताच किनाऱ्यापासून दोन किलोमीटर लांबून. नवा ड्रायसूट घेतलेला तर पुढच्याच रविवारी पडायची जागा शोधत असतो.

दुसरा पंथ कौशल्यवाद्यांचा. यांचे म्हणणे असे, की सामान हे न येणाऱ्यांसाठी असते. ज्याला रोल येतो त्याला काही लागत नाही. रोल म्हणजे उलटलेली कयाक आत बसल्या बसल्या पुन्हा सुलटी करणे. ही विद्या ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांनी फार पूर्वी सिद्ध केली, आणि ती हौसेने केली नव्हती. कातड्याचा अंगरखा होडीच्या भोकाभोवती आवळून बांधला की बाहेर पडणे सोपे नसे, आणि बाहेर पडून पोहावे असे ते पाणीही नसे. त्यामुळे वल्ह्याने, भालाफेकीच्या फळीने, नुसत्या हाताने, अशा अनेक तऱ्हांनी सुलटे होणे ते शिकले. आज ग्रीनलंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिसाहून अधिक तऱ्हा असतात. त्यांत हातात वीट धरून सुलटे होण्याचीही एक आहे. सीलच्या शिकारीत विटेचा संबंध येत नाही, यावरून गरजेचे रूपांतर खेळात झाले की माणूस अडचणी स्वतःच तयार करतो, हे दिसते.

युरोपीय माणसांत १९२७ मध्ये ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटा यांनी प्रवाशांची वर्णने वाचून एका तलावात रोल साधला. पुस्तकी ज्ञानावर उलटे होऊन सुलटे झाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. तेव्हापासून तलाव आणि रोल यांचे नाते घट्ट आहे. पोहण्याच्या तलावातला रोल कोमट पाण्यात, नाकाला चिमटा लावून, ‘आता उलटायचं’ असे ठरवून आणि शेजारी शिक्षक उभा करून होतो. समुद्रातला रोल यांपैकी एकही सवलत देत नाही. तरीही तलावातल्या यशावर समुद्रातली पत काढण्याची प्रथा सर्वत्र आहे. ब्रिटिश संशोधक जिनो वॉटकिन्स यांनी मात्र हे शिक्षण खऱ्या जागी, ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून घेतले होते आणि ते त्यात चांगलेच तरबेज झाले होते. १९३२ च्या ऑगस्टमध्ये पूर्व ग्रीनलंडमध्ये ते एकटेच सीलच्या शिकारीला गेले आणि परतले नाहीत. सापडली ती रिकामी कयाक. वय २५ होते. कौशल्यवादी त्यांचे नाव आदराने घेतात आणि कौशल्याच्या बाजूनेच घेतात.

तिसरा पंथ अनुभववाद्यांचा, आणि तो सर्वांत मोठा. ‘इतकी वर्षं जातोय, काही झालं नाही’ हे या पंथाचे एकमेव पण अभेद्य प्रमाण आहे. ज्याला काही झाले तो हे वाक्य म्हणायला सहसा हजर नसतो, हे या प्रमाणातले न्यून कुणी दाखवून दिले तर तो माणूस पुस्तकी ठरतो. अनुभववाद्याच्या लेखी सुखरूप परत येणे म्हणजेच निर्णय बरोबर असणे. वाऱ्याने दोन तास झोडपले, वल्हे हातून सुटता सुटता राहिले, अंधार पडल्यावर भलत्याच खाडीत होडी लागली. तरीही घरी पोहोचल्यावर या प्रकरणाची नोंद ‘अनुभव’ या सदरात होते आणि पुढच्या वेळी त्याच हवेत जाण्याचा आधार बनते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये मोटारचालकांना त्यांच्या कौशल्याबद्दल विचारले, तेव्हा अमेरिकेतल्या गटातील ९३ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवले. कयाकवाल्यांना तोच प्रश्न विचारायचा तर आधी उरलेले ७ टक्के शोधावे लागतील.

चौथा पंथ नियमवाद्यांचा. तिघांपेक्षा कमी जणांनी समुद्रात जाऊ नये, हा ब्रिटनमधला जुना दंडक त्यांना तोंडपाठ असतो. एक अडचणीत आला, दुसरा त्याच्याजवळ थांबला, तर तिसऱ्याने मदतीचे पाहावे, असा त्यामागचा हिशेब. तिसऱ्याला मुळात वल्हवता येते का, हे दंडकात नसल्यामुळे अनेकदा संख्या पुरी करण्यासाठी एखाद्या बिचाऱ्या मेहुण्याला नेले जाते. भरती-ओहोटीचा बारा भागांचा नियमही असाच लाडका: सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढते किंवा उतरते, म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी सरकते. नियमवादी हे वाळूवर काडीने लिहून समजावतो. समजावणे संपते तेव्हा मधले दोन तास नेमके सुरू झालेले असतात.

नियमांचा खरा कस लागतो तो वाऱ्यापुढे. फ्रान्सिस बोफर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमारास वाऱ्याच्या जोराला आकडे दिले. त्यांतला ४ हा आकडा, म्हणजे ११ ते १६ नॉट, ताशी साधारण २० ते ३० किलोमीटर वारा, मध्यम तयारीच्या बहुतेकांनी आपली मर्यादा म्हणून कागदावर लिहिलेला असतो. कागद घरी राहतो. किनाऱ्यावर वारा डोळ्यांनी मोजतात, आणि निघताना तो नेहमी एक आकडा कमी भरतो. संध्याकाळी पबमध्ये सांगताना तोच वारा दोन आकडे जास्त होतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे भौतिकशास्त्र या दोन्ही मोजण्यांत धरलेले नसते. त्यातून वारा भरतीच्या प्रवाहाविरुद्ध आला तर लाटा आखूड, उभ्या आणि फुटणाऱ्या होतात. वेल्समध्ये अँगलसी बेटाच्या टोकाशी पेनऱ्हिन मॉर येथे प्रवाह खडकांवरून असा काही उसळतो, की शहाण्या माणसाने तिथून वळसा घ्यावा. कयाकवाले दूरदूरहून खास तिथेच खेळायला येतात. टाळायची जागा आणि गाठायची जागा यांचा पत्ता एकच असल्यामुळे नकाशा दोघांनाही तोच चालतो.

हवामानाच्या अंदाजाबाबत चारही पंथांचे एकमत आहे: अंदाज एकच पाहू नये. पूर्वी रेडिओवरचा जहाजांसाठीचा अंदाज ऐकून माणूस मुकाट्याने घरी बसायचा. आता फोनवर पाच अ‍ॅप असतात. पहिले चार ‘जाऊ नका’ म्हणाले तरी पाचवे उघडेपर्यंत धीर धरणाऱ्यालाच त्याचे फळ मिळते. गटात तर गोष्टी आणखी सुरळीत होतात. तीनशे किलोमीटर गाडी हाकून, रजा टाकून, घरच्यांची परवानगी मिळवून आलेले सहा जण किनाऱ्यावर उभे राहून पांढऱ्या लाटांकडे पाहतात. प्रत्येकाला मनातून वाटत असते, की कुणीतरी ‘आज नको’ म्हणावे. प्रत्येक जण तो मान दुसऱ्याला देतो. शेवटी कुणीतरी ‘बाहेर गेल्यावर शांत असेल’ असे म्हणतो आणि सहा घाबरलेल्या माणसांचा एक धाडसी गट पाण्यात उतरतो.

या पंथांच्या पलीकडे एकांडे वीर असतात. त्यांची चरित्रे सर्व पंथांना अडचणीची ठरतात. फ्रान्झ रोमर या जर्मन खलाशाने १९२८ मध्ये कापडी घडीच्या कयाकमधून अटलांटिक ओलांडला. सगळ्यात कठीण भाग पार पडल्यावर पुढच्या टप्प्यात ते चक्रीवादळात नाहीसे झाले. ऑस्कर स्पेक १९३२ मध्ये जर्मनीतल्या उल्म गावाहून डॅन्यूब नदीत होडी लोटून निघाले. बेत फक्त सायप्रसपर्यंत जाऊन तिथल्या तांब्याच्या खाणीत काम शोधण्याचा होता. तो बेत वाढत वाढत सात वर्षांचा झाला. वाटेत त्यांची कयाक भारताच्या पश्चिम किनाऱ्यानेही गेली, म्हणजे कोकण आणि गोव्याच्या समोरून. स्पेक यांना पोहता येत नव्हते. १९३९ मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचले तेव्हा महायुद्ध सुरू झालेले होते, आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना अटक झाली. सुमारे ५०,००० किलोमीटर समुद्राने सोडलेला माणूस शेवटी पोलिसांच्या हाती लागला. अनुभववादी या कथेतून पोहणे अनावश्यक असल्याचा निष्कर्ष काढतात.

भीतीचे गणितही सरळ नाही. ग्रीनलंडमधल्या डॅनिश डॉक्टरांनी शिकाऱ्यांच्या एका विचित्र व्याधीची नोंद करून ठेवली आहे. पट्टीचा शिकारी, वादळाला न डगमगणारा, आरशासारख्या निवांत समुद्रात एकटा स्थिर बसलेला असताना त्याला एकाएकी भोवळ येई, होडी पाण्याने भरते आहे असा भास होई आणि हात हलेनासे होत. काहींनी यापायी समुद्र कायमचा सोडला. वाऱ्यापावसात हा त्रास होत नसे. याउलट सुट्टीवर आलेला पाहुणा सपाट समुद्र पाहूनच निर्धास्त होतो. जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत असेल तेव्हा किनाऱ्यालगतचे पाणी सपाट दिसते. लाटा पुढे, होडी लांब गेल्यावर सुरू होतात. गोव्यात किंवा तारकर्लीला भाड्याच्या उघड्या कयाकवर बसणाऱ्याला थंडीचा धोका नाही, पण कोकणातले मासेमार ज्याला मतलई म्हणतात तो जमिनीवरचा पहाटवारा त्याला त्याच सौजन्याने बाहेर नेतो. जाताना माणसाला वाटते आपल्याला वल्हवणे छान जमते. हा गैरसमज वळल्यावर दूर होतो.

आपल्या धोक्याबद्दलची मते आपल्यापुरती असतात तोवर त्यांवर हसता येते. ती दुसऱ्याच्या मुलांना लागू केली की काय होते, हे २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या लाइम बे मध्ये दिसले. आठ विद्यार्थी, एक शिक्षक आणि एका साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक कयाक घेऊन जवळच्या गावी निघाले होते. शिक्षकाची होडी वारंवार उलटू लागली, एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी अडकला, आणि बाकीचा गट जमिनीकडून वाहणाऱ्या वाऱ्याने बाहेर ढकलला गेला. त्यांच्याकडे फ्लेअर नव्हते. चार मुलांचा मृत्यू झाला. केंद्रातल्या सुरक्षिततेबद्दलचा लेखी इशारा आधीच नोकरी सोडलेल्या प्रशिक्षकांकडून मिळालेला होता. १९९४ मध्ये ते केंद्र चालवणारी कंपनी आणि तिचा संचालक सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले, आणि १९९५ मध्ये मुलांच्या साहसी उपक्रमांसाठी परवान्यांचा कायदा आला. आज ब्रिटनमधले नियम अनेकांना जाचक वाटतात. ते कुठून आले, हे त्यांतल्या थोड्यांनाच आठवते.

स्वेच्छेने पत्करलेला धोका माणसाला गोड लागतो, हे चॉन्सी स्टार यांनी १९६९ मध्ये आकड्यांत मांडले: लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट धोका लोक आपखुशीने स्वीकारतात. नळाच्या पाण्यात थोडा गढूळपणा दिसला तर नगरपालिकेवर मोर्चा नेणारा माणूस रविवारी खुशीने समुद्राचे पाणी पोटात घेतो, ते याच हजारपटीच्या सवलतीत. या हिशेबात किनाऱ्यावरचे लोक मात्र धरलेले नाहीत. १८२४ पासून चालत आलेल्या ब्रिटनच्या जीवरक्षक बोटींवर बहुतांशी स्वयंसेवक असतात. पंथ न विचारता ते सगळ्यांना बाहेर काढतात आणि बिल लावत नाहीत. त्यांचा धोका स्वेच्छेचा खरा, पण त्याची वेळ दुसराच कुणीतरी ठरवतो. घरी फोनकडे पाहत बसलेल्यांचा धोका तर स्वेच्छेचाही नाही.

चारही पंथांचा ताळेबंद मांडला तर प्रत्येकाजवळ सत्याचा एक तुकडा निघतो. सामान लागतेच, फक्त ते हाताशी आणि मुदतीत असावे. रोल यावा, आणि तो थंड पाण्यात, न ठरवता करून पाहिलेला असावा. अनुभव कामाचा आहे, पण त्यात थोडक्यात वाचलेले दिवस चुकांच्या रकान्यात मांडलेले असावेत. नियम बरेचसे शहाणपणाचे आहेत आणि ते पाण्याला लागू पडतात. वाळूवर नुसते लिहून भागत नाही. या चौघांनाही न सुचलेला पाचवा उपाय सर्वांत स्वस्त आहे: वाऱ्याची मर्यादा आदल्या रात्री घरी ठरवावी, परतीची वेळ कुणाला तरी सांगावी, आणि किनाऱ्यावर मर्यादा ओलांडलेली दिसली तर होडी पुन्हा गाडीच्या टपावर बांधावी. या उपायाला दुकानात किंमत नाही आणि पबमध्ये श्रोते नाहीत, म्हणून त्याचा प्रचार होत नाही. ज्यांना पुढच्या रविवारीही कयाक घेऊन जायचे आहे, त्यांनी तरी तो करून पाहावा.